लाइन क्लिअर

भुसावळहून खंडव्याकडे निघालेल्या गाडीला दुसखेड्यानंतर सावदा लागतं. मग निंभोरा, रावेर, वाघोडा आणि पुढे बऱ्हाणपूर. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने भुसावळ-खंडवा हा टप्पा १८६६ मध्ये सुरू केला आणि १८७० मध्ये मुंबईकडून आलेली ही लाइन जबलपूरला कलकत्त्याच्या लाइनीला जाऊन मिळाली. सावदा गाव केळीचं. स्टेशन गावापासून बरंच लांब, आडबाजूला. खिडकीतून बघणाऱ्याला फलाट आणि केळीचे मळे यापलीकडे लक्षात राहावं असं इथे काही नाही. पण एकमेकांना न दिसणाऱ्या माणसांनी एकमेकांकडून काम कसं करून घ्यायचं, हा जो या प्रकरणाचा विषय आहे, त्यावर कुठल्याही व्यवस्थापनाच्या महाविद्यालयापेक्षा जास्त विचार अशा छोट्या स्टेशनांच्या टेबलांवर झालेला आहे. तो विचार कुणी हौसेने केला नाही. चुकलं की माणसं मरत होती, म्हणून करावा लागला.

स्टेशन मास्तरचं रोजचं काम बघा. त्याला हुकूम येतात ते भुसावळच्या कंट्रोल ऑफिसातून. तिथे बसलेला सेक्शन कंट्रोलर त्याच्या हद्दीतल्या सगळ्या स्टेशनांशी दिवसभर बोलतो: अमकी मालगाडी लूपवर घ्या, तमकी एक्स्प्रेस आधी सोडा. हे दोघे वर्षानुवर्षं एकमेकांचा आवाज ओळखतात, पण समोरासमोर क्वचितच भेटतात. शेजारच्या स्टेशनचा मास्तरही असाच, आवाजापुरता. आपल्याकडून गाडी सोडायची तर पुढच्या स्टेशनची परवानगी हवी. तिलाच लाइन क्लिअर म्हणतात.

आता फाटकाचं उदाहरण घेऊ, कारण सगळी कारागिरी तिथे उघडी दिसते. जे फाटक सिग्नलला जोडलेलं नाही, तिथला गेटमन आणि मास्तर यांच्यामध्ये फक्त एक टेलिफोन असतो. मास्तर फोन करतो, गाडीचा नंबर सांगतो, कुठल्या दिशेने येतेय ते सांगतो, फाटक बंद करायला सांगतो. गेटमन नुसतं ‘हो साहेब’ म्हणाला तर भागत नाही. तो जाऊन फाटक लावतो, कुलूप घालतो, परत येतो आणि मास्तरला एक दोन आकडी नंबर देतो. हा प्रायव्हेट नंबर. त्याच्याजवळ असे नंबर छापलेला कागद असतो. आकडे सरळ ओळीने नसतात, उलटसुलट असतात, त्यामुळे पुढचा कुठला हे मास्तरला अंदाजाने सांगता येत नाही. वापरलेल्या नंबरावर रेघ मारायची, शेजारी गाडीचा नंबर आणि वेळ लिहायची. मास्तरही तो आपल्या वहीत लिहितो. तो नंबर हातात आल्यावरच सिग्नल उतरतो.

यातली गंमत अशी की त्या आकड्याला स्वतःचा काहीच अर्थ नाही. सत्तेचाळीस म्हणजे काही नाही, त्र्याऐंशी म्हणजेही काही नाही. पण तो आकडा फक्त गेटमनकडून येऊ शकतो, आणि काम झाल्यावरच यायचा असतो. ‘मी सांगितलं होतं’ हे मास्तरचं वाक्य त्या क्षणापर्यंत बिनकामाचं आहे. निरोप पुरा झाला की नाही हे सांगणाऱ्याच्या टेबलावर ठरत नाही, ऐकणाऱ्याच्या हातून ठरतं, आणि हे ज्या कचेरीला एकदा कळलं तिची दूरच्या कामातली निम्मी भांडणं मिटतात असं मला वाटतं.

इंजिनातही हेच. लोको पायलट आणि त्याचा सहायक एकाच केबिनमध्ये, हातभर अंतरावर बसलेले असतात. दोघांनाही तोच सिग्नल दिसतो. तरी तो दोघांनी मोठ्याने उच्चारायचा असतो. नवख्याला हा पोरखेळ वाटतो. पण एकाने पिवळा बघितला आणि दुसऱ्याला हिरवा वाटला, तर ते उच्चारल्याशिवाय कळणार कसं? आणि गाडीच्या शेवटी, पाऊण किलोमीटरभर मागे, तिसरा माणूस. पूर्वी त्याला गार्ड म्हणत. २०२२ पासून रेल्वेने त्याचं नाव ‘ट्रेन मॅनेजर’ केलं. भारतातला सगळ्यात जुना रिमोट मॅनेजर कोण, असं कुणी विचारलं तर मी त्याच्याकडे बोट दाखवीन. वॉकीटॉकी येण्याआधी हिरवं-लाल निशाण, रात्री दिवा आणि इंजिनाच्या शिट्ट्या एवढ्यावर त्याचा आणि ड्रायव्हरचा संसार चालला. किती लांब, किती आखूड शिट्ट्या म्हणजे काय, हे नियमाच्या पुस्तकात ठरलेलं. ‘तेवढं समजून घ्या ना’ ही सोय त्यात नव्हती.

मार्च २०२० मध्ये आपल्याकडच्या लाखो कचेऱ्या एका आठवड्यात घरी गेल्या. त्या आधी दूरसंचार खात्याच्या नियमांमुळे कॉल सेंटर आणि आउटसोर्सिंगवाल्या कंपन्यांना घरून काम करू देणं मुश्कील होतं; ५ नोव्हेंबर २०२० रोजी ते नियम बरेच सैल झाले. पुण्या-मुंबईला नोकरीला असलेली पोरं लॅपटॉप घेऊन गावी आली. रावेर, यावल, फैजपूर, सावदा अशा गावांत माडीवरच्या खोलीला ‘ऑफिस’ म्हणायची पद्धत पडली. इंटरनेट हा त्या दिवसांतला तक्रारीचा मोठा विषय होता, आणि वीज हा त्याहून मोठा. पण केबल आली, इन्व्हर्टर आला, तरी एक घोळ राहिलाच.

समजा, सावद्याला माडीवर बसून काम करणारी एक मुलगी आहे. तिचा मॅनेजर बंगळूरला. संध्याकाळी सहाला मेसेज येतो: ‘क्लायंटचा रिपोर्ट जरा बघून घे, उद्या लागेल.’ ती अंगठा पाठवते. मॅनेजर निर्धास्त. ती रात्री एक वाजेपर्यंत जागून रिपोर्टची भाषा सुधारते, आलेख नव्याने काढते, मुखपृष्ठसुद्धा बदलते. दुसऱ्या दिवशी मॅनेजर वैतागतो, कारण त्याला फक्त चौथ्या पानावरचे विक्रीचे आकडे तपासून हवे होते आणि नेमके तेच तिने बघितले नाहीत. तिच्या मते तिने सांगितल्यापेक्षा जास्त केलं. त्याच्या मते तिने काहीच केलं नाही. दोघांचंही बरोबर आहे, आणि हीच अडचण आहे. ‘बघून घे’ म्हणजे वाच, तपास, दुरुस्त कर की पाठवून दे? ‘उद्या’ म्हणजे सकाळी नऊला की अमेरिकेतला क्लायंट उठेल तेव्हा, म्हणजे आपल्या रात्री? एकाच कचेरीत असते तर ती उठून त्याच्या टेबलापाशी गेली असती, ‘सर, म्हणजे नक्की कुठलं पान?’ एवढं विचारून दहा सेकंदांत परत आली असती. अंतराने ही दहा सेकंदं खाल्ली. लेखी विचारायचं तर वाक्य जुळवा, साहेबांना राग येईल का त्याचा विचार करा, ‘एवढंही कळत नाही?’ असं वाटेल का याची धास्ती घ्या. त्यापेक्षा अंगठा सोपा.

असा मोघम मेसेज लिहिणारा माणूस निष्काळजी असतोच असं नाही. त्याच्या डोक्यात सगळं स्वच्छ असतं, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. १९९० मध्ये स्टॅनफर्डमध्ये एलिझाबेथ न्यूटन या विद्यार्थिनीने एक प्रयोग केला. काही जणांनी सर्वांना माहीत असलेल्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा, समोरच्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटत होतं की निम्मी गाणी तरी ओळखली जातील. १२० पैकी ओळखली गेली ३. वाजवणाऱ्याच्या कानात सूर, शब्द, वाद्यमेळ सगळं चालू असतं. ऐकणाऱ्याच्या वाट्याला नुसती टकटक. घरी करून बघा, गणपतीची आरती वाजवा. घरातल्यांना ती ओळखू आली नाही की तुम्हालाच त्यांचा राग येईल. मेसेज लिहिणाऱ्या मॅनेजरला येतो तो राग याच जातीचा.

शब्द लिहिलेले असले तरी सूर हरवतोच. २००५ मध्ये जस्टिन क्रूगर, निकोलस एपली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ईमेलवर प्रयोग केला. वाक्य गंभीरपणे लिहिलंय की उपरोधाने, हे वाचणाऱ्याला ७८ टक्के वेळा कळेल असा लिहिणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ५६ टक्के वेळा कळलं, म्हणजे नाणं उडवून सांगितलं असतं तरी फार फरक पडला नसता. तेच वाक्य आवाजात ऐकवलं तेव्हा आकडा ७३ झाला. तेव्हा ‘वा, छान केलंस!’ हे ज्याला टोमणा म्हणून मारायचंय त्याने फोन करावा. खरं तर टोमणाच मारू नये, पण आपल्याकडच्या साहेबांकडून तेवढी अपेक्षा जरा जास्त होईल.

आता केळीकडे येतो, कारण सावद्यात रिमोट काम लॅपटॉपच्या फार आधीपासून चालू आहे. माल इथला, गिऱ्हाईक दिल्लीच्या आझादपूर मंडीत, पंजाबात, थेट काश्मीरपर्यंत. रेल्वेने केळी उत्तरेत जाते, ट्रकने जाते. सावदा आणि रावेर ही केळी भरायची स्टेशनं म्हणून व्यापाऱ्यांना तोंडपाठ असतात. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि जून २०२१ मध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीची मानांकित केळी दुबईला गेली. तिकडचा खरेदीदार बाग बघायला येत नाही. तो फोनवर सांगतो, इथला व्यापारी कापणीवाल्या टोळीला सांगतो, टोळी बागेत शिरते.

यात चुकीला जागा किती आहे बघा. केळी हिरवीच कापतात आणि मुक्कामी नेऊन पिकवतात. पण किती हिरवी? जवळच्या बाजारासाठी घड चांगला भरू देतात. लांब जायचा असेल तर सुमारे पाऊण भरला की कोयता. भरत आलेल्या केळाच्या अंगावरच्या कडा बोथट होत होत गोल होतात. जाणता कापणीवाला घडाच्या मधल्या फणीतलं केळं बघून सांगतो की हा माल किती दिवस तग धरेल. दिल्लीचा माल श्रीनगरला पाठवला तर रस्त्यातच पिकायला लागेल. श्रीनगरचा माल जळगावच्या हातगाडीवर आणला तर केळं बारीक म्हणून गिऱ्हाईक नाक मुरडेल. शिवाय थंडी. तेरा अंश सेल्सिअसच्या खाली केळी फार वेळ राहिली की साल काळवंडते, पिकते तीही धड नाही. म्हणून जानेवारीत उत्तरेकडे जाणाऱ्या मालाला झाकायचं कसं, हेही आधी बोलावं लागतं. घड जमिनीवर टेकवायचा नाही, फणी तोडल्यावर निघणारा चीक सालीवर ओघळू द्यायचा नाही, नाहीतर डाग पडतो आणि भाव पडतो.

अशा धंद्यात ‘चांगला माल पाठवा’ हा निरोप म्हणजे भांडणाची नांदी. त्यामुळे इथे शब्द ठरलेले आहेत. रोजचा भाव निघतो तो सरसकट केळीचा नसतो. नवतीचा वेगळा, पिलबागेचा वेगळा, कांदेबागेचा वेगळा, आणि वापसीचा, म्हणजे निवडीत मागे पडलेल्या मालाचा, वेगळा. एक शब्द उच्चारला की लागवड कुठल्या हंगामातली, पहिलं पीक की पिलांवरचं, आणि कुठल्या प्रतीचं, हे दोन्ही टोकांना एकदम कळतं. निर्यातीत तर शब्दांवरही भिस्त ठेवत नाहीत. केळाची जाडी कॅलिपरने मिलिमीटरमध्ये मोजतात, लांबी मोजतात, पेटीत किती किलो माल बसवायचा हे ठरलेलं असतं. दुबईचा माणूस आणि तांदलवाडीची टोळी एकमेकांची भाषा बोलत नाहीत, पण मिलिमीटर दोघांनाही एकच.

आणि एवढं ठरवूनही खरा अनुभवी व्यापारी कापणीवाल्याला आणखी एक गोष्ट सांगतो: माल कुठे चाललाय. ‘पाऊण भरलेला काप’ आणि ‘काश्मीरचा माल आहे, पाऊण भरलेला काप’ यांत मोठा फरक आहे. पहिल्या निरोपात टोळी नुसतं मापाला चिकटून राहील. दुसऱ्यात मापाच्या जरा वरचा घड दिसला, तर मुकादमच म्हणेल, ‘भाऊ, हा नको, रस्त्यात पिवळा पडेल.’ सगळ्या शक्यता हुकमात लिहिता येत नाहीत. कारण सांगितलं की उरलेल्या शक्यता समोरचा माणूस आपल्या अकलेने भरून काढतो. कचेरीतले मॅनेजर नेमकं इथे कंजूष होतात. काय करायचं ते सांगतात, कशासाठी ते स्वतःपाशी ठेवतात. काहींना त्यात साहेबपण वाटतं.

मघाच्या मॅनेजरने लिहायला हवं होतं ते साधारण असं: ‘रिपोर्टच्या चौथ्या पानावरचे विक्रीचे आकडे गेल्या महिन्याच्या शीटशी ताडून बघ. मजकुराला हात लावू नकोस. चुकलेले आकडे लाल करून उद्या दुपारी तीनपर्यंत पाठव. चार वाजता मी तेच आकडे क्लायंटसमोर मांडणार आहे.’ लिहायला दोन मिनिटं जास्त. आणि उत्तर अंगठ्याचं नको: ‘चौथं पान, फक्त आकडे, तीनपर्यंत. गेल्या महिन्याची शीट दोन ठिकाणी आहे, फायनान्सवाल्यांची घेते, चालेल ना?’ या उत्तरात एक प्रश्न आहे, आणि मॅनेजरला ज्या गोष्टीची कल्पनाच नव्हती ती त्यातून वर आली. निरोप परत म्हणून दाखवण्याचा फायदा हा असा, सांगणाऱ्यालाही होतो.

ही रीत आपल्याला परकी नाही. पेशवाईतली पत्रं उघडून पाहिली तर उत्तराच्या सुरुवातीला जवळजवळ ठराविक मजकूर भेटतो: तुमचं पत्र पोचलं, त्यात तुम्ही अमुक लिहिलंत, तमुक मागितलंत, ते कळलं. मग पुढे उत्तर. घाईने वाचणारा अभ्यासक हा भाग ओलांडून जातो, पण त्या काळी तो कामाचा होता. मजकुराचा गोषवारा परत आल्यामुळे मूळ लिहिणाऱ्याला कळायचं की आपलं कुठलं पत्र पोचलं आणि त्यातलं काय धन्याच्या ध्यानात आलं. आलेल्या पत्रावर पैवस्तीची, म्हणजे पोचल्याची, तारीख टाकत. पत्र लिहिल्याची तारीख एक, पोचल्याची दुसरी; मधल्या अंतरावरून बातमी किती शिळी आहे याचा हिशोब. जासूद जोडीने पाठवत, महत्त्वाचा मजकूर दुसऱ्या वाटेने पुन्हा रवाना करत. व्हॉट्सॲपच्या दोन खुणांनी यातलं एकच काम उचललंय, पैवस्तीचं. गोषवाऱ्याचं काम अजून माणसालाच करावं लागतं, आणि आपण ते सोडून दिलंय.

पण याच व्यवस्थेचं अपयशही याच वाटेवर घडलं. दख्खनमधून उत्तरेत जाणाऱ्या फौजा आणि जासूद बऱ्हाणपूर-असीरगडच्या खिंडीतून जात. सावद्याचा मुलूख त्या रस्त्याला लागून. १७६० च्या अखेरीस अब्दालीच्या वेढ्याने सदाशिवरावभाऊंच्या छावणीचा दक्षिणेशी संपर्क तुटत गेला. नानासाहेब पेशवे मदत घेऊन उत्तरेकडे निघाले होते, पण छावणीत खरं काय चाललंय ते त्यांना धड कळत नव्हतं. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सर्व संपलं. नानासाहेबांना ते कळलं दहा दिवसांनी, २४ जानेवारीला, भेलशाजवळ. आणि तेही आपल्या सरदाराच्या पत्रातून नव्हे. एका सावकाराचं व्यापारी सांकेतिक भाषेतलं पत्र दक्षिणेकडे चाललं होतं, ते हाती लागलं. मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या हिशोबात माणसांची मोजदाद दिलेलं ते पत्र मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. व्यवस्थापनाच्या नजरेने त्यातली बोचणारी गोष्ट निराळी. बातमी वाहून नेण्याची वाट सरकारच्या यंत्रणेपेक्षा सावकारांची जास्त शाबूत होती. मोठ्या कंपनीतही अमुक प्रकल्प बुडतोय हे ठेकेदाराला, चहावाल्याला, स्पर्धक कंपनीला आधी कळतं आणि प्रमुखाला शेवटी.

वेढ्यातल्या माणसाला पत्र पाठवणं अशक्य होतं. आजच्या कर्मचाऱ्याला शक्य असूनही तो पाठवत नाही, त्याचं कारण साहेबाचा चेहरा. मागच्या वेळी वाईट बातमी सांगणाऱ्याचं काय झालं, हे सगळी टीम बघत असते. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांवरच्या टेनेरिफ विमानतळावर धुक्यात दोन जंबो विमानं धावपट्टीवर धडकली आणि ५८३ माणसं गेली. केएलएमच्या विमानातून आपण उड्डाणाला लागल्याचा मोघम निरोप नियंत्रकाला गेला. नियंत्रक आधी ‘ओके’ म्हणाला आणि मग थांबायला सांगितलं. त्याच क्षणी पॅन ॲमचं विमान ‘आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत’ असं सांगू लागल्याने आवाजात आवाज मिसळून खरखर झाली आणि केएलएमच्या कॉकपिटला स्पष्ट ऐकू आला तो एवढाच ‘ओके’. तरीही वाचण्याची एक संधी होती. केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली, त्याने ती बोलूनही दाखवली: पॅन ॲम अजून बाजूला झालेलं नाही का? कॅप्टन कंपनीतला ज्येष्ठ, मानाचा वैमानिक. त्याने ठामपणे झालंय म्हणून सांगितलं, आणि इंजिनिअर पुढे काही बोलला नाही. या अपघातानंतर ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाच्या परवानगीपुरता राखून ठेवला गेला, परवानगी शब्दशः परत म्हणून दाखवण्याची शिस्त कडक झाली, आणि कनिष्ठाने शंका लावून कशी धरायची याचं शिक्षण वैमानिकांना देऊ लागले. वरिष्ठाने ती ऐकायची कशी, याचंही.

आपल्या कचेऱ्यांत ती शंका ‘हो सर’च्या खाली गाडली जाते. मुदत अशक्य आहे हे माहीत असताना ‘होऊन जाईल’ म्हणणं हा आपल्याकडे सभ्यपणा मानला जातो. समोर बसलेल्या साहेबाला चेहऱ्यावरून तरी अंदाज यायचा. कॅमेरा बंद ठेवून म्हटलेलं ‘होऊन जाईल’ कुठल्याही साहेबाला वाचता येत नाही. यावर ‘समजलं का?’ असं विचारण्यात अर्थ नाही, त्याचं उत्तर ठरलेलं आहे. त्यापेक्षा ‘सुरुवात कुठून करशील?’ किंवा ‘यात अडेल कुठे असं वाटतं?’ असं विचारावं. दुसऱ्या प्रश्नात अडचण असणार हे गृहीतच धरलंय, त्यामुळे ती सांगणारा कामचुकार ठरत नाही. डॉक्टरांनाही हेच शिकवतात: रुग्णाला औषध समजलं का ते न विचारता, घरी गेल्यावर कसं घ्याल ते सांगायला सांगा.

मॅनेजरांची बाजूही ऐकायला हवी. माणूस दिसत नाही तेव्हा तो काम करतोय की नाही ही शंका कुरतडते. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ८७ टक्के कर्मचारी म्हणाले की आम्ही नीट काम करतो. ८५ टक्के वरिष्ठ म्हणाले की आम्हाला तसा भरवसा वाटणं अवघड झालंय. यातून हिरवा ठिपका बघत बसणं आलं, माउस हलतोय का ते मोजणारी सॉफ्टवेअर आली, आणि माउस आपोआप हलवणारी यंत्रंही लगेच बाजारात आली. स्टेशन मास्तर गेटमनला दर पाच मिनिटांनी ‘बसलायस ना?’ म्हणून फोन करत नाही. फाटक लागल्याचा नंबर वेळेवर आला, एवढं त्याला पुरतं. बसण्याचा पुरावा मागितला की बसण्याचाच पुरावा मिळतो.

भरवसा अनुभवाने येतो, याला आकड्यांचा आधार आहे. निकोलस ब्लूम या अर्थशास्त्रज्ञाने २०१० मध्ये सीट्रिप या चिनी प्रवास कंपनीच्या शांघायच्या कॉल सेंटरमध्ये सुमारे २५० जणांवर प्रयोग केला. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी सुधारली, पण तेवढ्याच कामगिरीवर त्यांना बढती मिळण्याचं प्रमाण कमी राहिलं. नजरेआड असण्याची ही किंमत सावद्याच्या माडीवरचा प्रत्येक जण ओळखून असतो. हीच कंपनी पुढे ट्रिप डॉट कॉम झाली. तिथे १,६१२ जणांवर दुसरा प्रयोग झाला, आठवड्यात दोन दिवस घरून. त्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण एक तृतीयांशाने घटलं. त्याहून मला रंजक वाटतो तो मॅनेजरांचा अंदाज: सुरुवातीला त्यांना वाटत होतं उत्पादकता २.६ टक्क्यांनी घसरेल. शेवटी तेच म्हणू लागले, एक टक्क्याने वाढते.

एक नुकसान मात्र कुठल्याही नीटस मेसेजने भरून निघत नाही. मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतल्या ६१,१८२ कर्मचाऱ्यांच्या २०२० च्या पहिल्या सहामाहीतल्या संपर्काचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. घरून काम सुरू झाल्यावर लोक आपापल्या गटातच जास्त बोलू लागले. दुसऱ्या खात्यातल्या, जुजबी ओळखीच्या माणसांशी बोलणं घटलं. टपरीवरच्या चहात कळणारं ‘अरे, ते काम आमच्याकडे आधीच झालंय’ हे वाक्य बंद झालं. महिन्या-दोन महिन्यांनी माणसं एकत्र आणणाऱ्या कंपन्या त्या दिवशी पुन्हा सादरीकरणंच दाखवतात, तेव्हा वाईट वाटतं. सादरीकरण माडीवर बसूनही बघता येतं.

राहिली वेळेची गोष्ट. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत एक खासगी विधेयक मांडलं: कामाचे तास संपल्यावर साहेबाचा फोन न उचलण्याचा हक्क. खासगी विधेयकांचं होतं तेच त्याचं झालं, कायदा झाला नाही. पण कायद्याची वाट न बघता एक काम करता येतं. रात्री साडेदहाला सुचलेलं रात्री साडेदहालाच लिहायला हरकत नाही, नाहीतर सकाळी विसरायला होतं. मॅनेजरने मेसेजच्या पहिल्या ओळीत एवढंच घालावं: ‘उद्या दहानंतर बघितलंस तरी चालेल.’ ही ओळ नसली तर सावद्याला जेवणाचं ताट बाजूला सरकवून कुणीतरी लॅपटॉप उघडतं, आणि बंगळूरला तो मेसेज पाठवणारा तोवर झोपलेला असतो.